भिंती कोणाच्या?

दौंड हे रेल्वेने घडविलेले आणि रेल्वेनेच दुभागलेले गाव आहे. १८५८ मध्ये पुण्याहून दिक्सळपर्यंत लोहमार्ग गेला तेव्हा दौंड या मार्गावर आले. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि त्याचे जंक्शन झाले. या गावात वीस वर्षे राहूनही प्रस्तुत लेखकाला रुळांपलीकडच्या वस्तीची ओळख नव्हती. स्थानक, महाविद्यालय, बाजारपेठ आणि घर एवढ्याच परिघात मध्यमवर्गीय माणसाचे गाव संपते. गेल्या महिन्यात एका रविवारी गाडी दोन तास उशिरा येणार असल्याचे कळले, म्हणून वेळ घालविण्यासाठी मोरीतून पलीकडे गेलो आणि आपल्याच गावातील एक चित्रशाळा पाहून परतलो.

तेथील गल्ल्यांत लग्न झालेल्या घरांच्या भिंती अजून बोलतात. दाराच्या वर गणपती, दोन्ही बाजूंस सोंडा उंचावलेले हत्ती, भालदार-चोपदार, केळीचे खांब, कलश. आणि खाली वधूवरांची नावे व विवाहाची तारीख. काही चित्रे इतकी जुनी की हत्तीचा रंग उडून केवळ बाह्यरेषा राहिली आहे. परंतु तारीख मात्र वाचता येते. कोपऱ्यात पेंटरची लहानशी सही असते. एका आळीत चौकाच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर आणि अण्णा भाऊ साठे यांची चित्रे आहेत. मंडळाने वर्गणी काढून ती करविली, असे एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले. दरवर्षी जयंतीपूर्वी त्यांवर नव्याने हात फिरतो. ही चित्रे कोणा सरकारी आदेशाने निघाली नाहीत. ज्यांची भिंत, त्यांचाच खर्च आणि त्यांचाच विषय.

रुळांच्या अलीकडे परतल्यावर दिसतात त्या भिंती वेगळ्या आहेत. स्वच्छ सर्वेक्षण २०१६ मध्ये ७३ शहरांपुरते सुरू झाले आणि २०१८ मध्ये ते चार हजारांहून अधिक नगरांपर्यंत पोहोचले. सुशोभीकरणाला महत्त्व आल्यापासून राज्यातील गावोगावच्या नगरपरिषदांनी भिंती रंगविल्या. शिरूर असो, दौंड असो की आणखी कोणते तालुक्याचे गाव, चित्र बहुधा एकच: हातात धरलेली पृथ्वी, झाड, चष्मा, घोषवाक्य आणि फेर धरून नाचणारी वारली माणसे. वारली चित्रकला ही ठाणे-पालघर पट्ट्यातील. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान तेथील स्त्रियांचा. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगापुढे नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या कलेविषयी आदरच आहे. परंतु भीमेच्या काठच्या गावाने स्वतःच्या भिंतीवर डोंगरपट्टीचे लग्न रंगवावे आणि आपल्या गल्लीतील लग्नाच्या हत्तीकडे ढुंकूनही पाहू नये, यास काय म्हणावे?

याचे उत्तर अभिरुचीत शोधण्यापेक्षा अर्थव्यवहारात शोधणे बरे. भिंतीचे काम चौरस फुटाच्या दराने दिले की जे चित्र लवकर उरकते तेच परवडते. वारली आकृती साच्याने भराभर उमटविता येते. चेहरा रंगवायला मात्र दिवस लागतो. निविदा भरण्यासाठी लागणारी कागदपत्रे आणि अनामत रक्कम गल्लीतील पेंटरजवळ नसते, म्हणून ठेकेदार मध्ये येतो आणि पेंटर रोजंदारीचा मजूर होतो. कामाची पावती म्हणजे छायाचित्र. ते पाठविले की भिंतीचे प्रयोजन संपले. पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघाले तरी विचारणारा कोणी नसतो.

या पेंटरची मूळ मिळकत त्याआधीच आटली होती. दुकानांच्या पाट्या, शाळांचे फलक, निवडणुकीच्या भिंती यांवर त्याचे वर्ष निघत असे. छापील फ्लेक्सने ते सारे एका फटक्यात नेले. आता ज्या भिंतींवर सार्वजनिक पैसा खर्च होतो त्या तरी त्याच्या हाती याव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, गटारे उघडी असताना चित्रांची चैन कशाला? तो रास्त आहे. रंगविलेली भिंत तुंबलेल्या गटाराची भरपाई करीत नाही. परंतु खर्च तर आजही होतच आहे. प्रश्न तो कोणावर आणि कशावर होतो एवढाच आहे. दुसरा असा की, मोकळीक दिली तर भिंतींवर जाहिरातींचे आणि पक्षांचे राज्य येईल. त्यासाठी मालमत्तेच्या विद्रूपणास आळा घालणारा १९९५ चा राज्याचा कायदा आहेच. संमती घेऊन काढलेले चित्र आणि रातोरात चिकटविलेला कागद यांतील भेद त्याने करावयाचा आहे.

स्थानिक हातांना काम दिल्यास काय होते, हे चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानकांनी दाखविले. तेथील कलावंतांनी ताडोबाचे वाघ आणि आदिवासी जीवन रंगविले आणि २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभीकरण स्पर्धेत या जोडीला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्याकडे विषयांची वाण नाही. दौंड-मनमाड मार्गाचे मातीकाम १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी आलेल्या मजुरांनी केले. त्यांची आठवण दौंडात कोठे आहे? घोडनदीकाठच्या जुन्या छावणीचे शिरूर, उसाच्या बैलगाड्या, रांजणगावच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी मुले, हे सारे भिंतीची वाट पाहत आहे.

म्हणून नगरपरिषदांना तीन सूचना कराव्याशा वाटतात. सुशोभीकरणाच्या खर्चातील ठरावीक भाग ठेकेदाराशिवाय, थेट गावातील पेंटरना आणि कला शिक्षकांच्या देखरेखीखालील विद्यार्थ्यांना द्यावा. विषय वस्तीतील रहिवाशांना विचारून ठरवावा. आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव व वर्ष लिहावे, दुरुस्तीची जबाबदारी व तिचा मोबदलाही त्यालाच द्यावा. यासाठी नवा निधी लागत नाही. हिशेबाची रीत तेवढी बदलावी लागते.

स्थानकावर परतलो तेव्हा गाडी येऊन उभी होती. मोरीच्या पलीकडे एका घरावर नुकताच चुना लावून झाला होता आणि एक पेंटर शिडीवर उभा राहून सोंडेची पहिली रेषा ओढत होता. त्याला कोणी गुण देणार नव्हते. घरधन्याने मात्र त्याच्यासाठी चहा आणून ठेवला होता.