कपाटातल्या अंड्यांची साक्ष

संग्रहालयांवरचा खर्च थांबवा आणि तो पैसा झाडं लावायला द्या, असं पर्यावरणावरच्या एका परिसंवादात एका नामवंत वक्त्यांनी सुचवलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मला सूचनेपेक्षा टाळ्यांचा राग आला. वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संग्रहालय म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांचं गोदाम. शाळांच्या सहली येतात, पोरं वाघापुढे उभी राहून फोटो काढतात, डबे खातात आणि परत जातात. पर्यावरणाचे प्रश्न जिवंत आहेत, मेलेल्या वस्तू त्यांना काय उत्तर देणार? लोकांकडे माहिती उदंड आहे, कमी आहे ती कृती. शास्त्रज्ञांनी आपले शोधनिबंध लिहावेत. लोकांना हलवायला कार्यकर्ते आहेत.

मेलेल्या वस्तूंचा मुद्दा आधी घेतो. तो सर्वांत सफाईनं मांडला गेला आणि सर्वांत खोटा आहे.

1960च्या सुमाराला ब्रिटनमधल्या कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली की बहिरी ससाणे फार माजलेत, आमची कबुतरं खातात. ससाण्यांची मोजणी करण्याचं काम डेरेक रॅटक्लिफ या पक्षीतज्ज्ञाकडे आलं. मोजणीत उलटंच निघालं. ससाणे झपाट्यानं कमी होत होते, कड्यांवरची पिढ्यान्‌पिढ्यांची घरटी ओस पडली होती आणि जिथे अंडी होती तिथे ती पुष्कळदा फुटलेली सापडत होती. संशय शेतातल्या कीटकनाशकांवर होता. पण संशयावर कायदा होत नाही. कवचं पातळ झाली आहेत असं म्हणायचं, तर पूर्वी ती किती जाड होती हे दाखवावं लागतं. पूर्वीची अंडी आणायची कुठून?

ती कपाटांत होती. पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद तिकडे एकोणिसाव्या शतकापासून बोकाळला होता. अंड्याला बारीक भोक पाडायचं, आतला बलक काढून टाकायचा, आणि कवच कापसात ठेवून शेजारी तारीख व ठिकाण लिहायचं. छंद वाईटच होता, त्यानं अनेक पक्ष्यांचं नुकसान केलं, आणि 1954च्या कायद्यानं बहुतेक रानपक्ष्यांची अंडी उचलण्यावर बंदी आली. पण जमवलेली अंडी संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत राहिली होती. रॅटक्लिफनं ती एकेक करून मोजली, वजन केली, आकाराशी वजन ताडून पाहिलं. वर्षामागून वर्षं आकडा जवळजवळ एकाच पातळीवर राहतो आणि 1947च्या आसपास अचानक खाली कोसळतो. ससाण्याच्या कवचाचं वजन जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं घटलं होतं. दुसरं महायुद्ध संपून डीडीटी शेतात आणि घराघरांत पोचलं ते याच सुमाराला. रॅटक्लिफचा निबंध 1967 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हिकी आणि अँडरसन या संशोधकांनी तिथल्या संग्रहांतली दीड हजारांहून जास्त अंडी तपासून तोच निष्कर्ष काढला. डीडीटीपासून शरीरात तयार होणारं रसायन कवचात चुना नीट बसू देत नाही, आणि अंड्यावर बसणाऱ्या आईच्याच वजनानं अंडं फुटतं.

राचेल कार्सन यांच्या कीटकनाशकांवरच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकानं 1962 मध्ये अमेरिकेतले लोक खडबडून जागे केले होते, यात शंका नाही. पण नुसत्या जाग आलेल्या लोकांना कीटकनाशकांचे समर्थक भाबडे म्हणून बाजूला सारू शकत होते. तारीख आणि ठिकाण लिहिलेल्या अंड्याला भाबडं म्हणता येत नाही. आणि हिकी निबंध छापून थांबले नाहीत. विस्कॉन्सिन राज्यात डीडीटीवर सार्वजनिक सुनावणी झाली तेव्हा ते तिथे साक्षीला उभे राहिले. 1972 मध्ये अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली. 1999 मध्ये बहिरी ससाणा तिथल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. आज तो न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर आणि पुलांवर घरटी करतो.

आता वक्त्यांनी मला सांगावं: 1890 साली कुणी अंडं कपाटात ठेवलं तेव्हा ते कशासाठी ठेवलं होतं? डीडीटीनं किडे मरतात हेच मुळी 1939 मध्ये कळलं. पुढच्या काळाला कुठला पुरावा लागेल हे ठेवणाऱ्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. संग्रहाची सगळी किंमत इथे आहे. गरज पडेल तेव्हा कालचं अंडं आज गोळा करता येत नाही. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गइतिहास संग्रहालय 26 एप्रिल 2016च्या पहाटे जळालं, तेव्हा आपल्याकडे बातमी दोन-चार दिवस चालली. त्या आगीत जे जुने नमुने गेले ते कितीही पैसा ओतला तरी परत येणार नाहीत. ‘गोदाम’ म्हणणाऱ्यांना हे नुकसान कळत नाही, कारण त्यांनी गोदामाचा खण कधी उघडून पाहिलेला नसतो.

परदेशातलं उदाहरण नको असेल तर खानदेशात या. रानपिंगळा हे छोटं घुबड 1873 मध्ये शास्त्राला माहीत झालं, 1884 नंतर दिसेनासं झालं. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे मोजके सात नमुने उरले होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1914 मध्ये गुजरातेत एक पक्षी मिळवल्याचा दावा केला होता. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयात बसून तो नमुना बारकाईनं तपासला आणि दाखवून दिलं की तो दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला आहे. खोटी चिठ्ठी बाद झाल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं उरली. त्या ठिकाणांचा माग काढत त्या आणि त्यांचे सोबती नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पोचले, आणि 113 वर्षांनी रानपिंगळा जिवंत दिसला. पुढे तो मेळघाटात सापडला, तानसाच्या जंगलातही सापडला. खानदेशातलं उरलंसुरलं सागाचं रान का राखायचं याला आज एक नाव आहे, आणि ते कपाटातून आलं.

राहिलेले आक्षेप. पोरं डबे खातात? पोरं डबे खाणारच. तिथे त्यांच्याशी बोलायला कुणी ठेवलेलं नाही, हा दोष पोरांचा नव्हे. लोकांकडे माहिती उदंड आहे? आपल्या गावच्या ओढ्यात पन्नास वर्षांपूर्वी कोणते मासे होते, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजण सांगतील?

शास्त्रज्ञानं गप्प राहावं हे मत मात्र एका ओळीत सोडवत नाही, कारण त्यानं आपलं फार नुकसान केलं आहे. आपल्याकडच्या गिधाडांच्या काही जाती शेकड्यात सत्त्याण्णवच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक नाहीशा झाल्या. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्याचं कारण असल्याचं 2004 मध्ये सिद्ध झालं. संशोधक तिथेच थांबले असते तर 2006 मधली जनावरांच्या डायक्लोफेनॅकवरची बंदी आली नसती. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जातात हे पुन्हा पुन्हा सांगत राहिल्यामुळेच 2015 मध्ये त्याही बंद झाल्या. उलट पश्चिम घाटावरचा तज्ज्ञांचा अहवाल 2011 मध्ये तयार झाला तो इंग्रजीत, आणि कोकणातल्या वाड्यांवर त्याच्या आधी अफवा पोचल्या. घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही, असं लोकांना सांगितलं गेलं, आणि खरं काय ते मराठीत सांगणारं माणूस वेळेवर पोचलं नाही. मराठीत विज्ञान सांगता येत नाही, हा वाद आमच्या विद्यार्थिदशेपासून चालू आहे. तेव्हाही तो आळसातून आलेला होता, आजही आहे. संग्रहालयात पक्ष्याखाली इंग्रजी आणि लॅटिन नावं असतात, पण ज्या गावातून तो पक्षी आला त्या गावातलं नाव नसतं.

आणि ती झाडं. पुण्याच्या टेकड्यांवर झाडं लावायची म्हणून ग्लिरिसिडिया लावला गेला, आणि त्याच्या दाटीखाली इथलं गवत गेलं, झुडपं गेली. सोलापूर-नगरकडच्या माळरानांवर झाडं म्हणजे माळढोकाचं घर काढून घेणं. माळावर आधी काय उगवत होतं हे मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आणि पुण्याच्या वनस्पतिसंग्रहांत जुन्या कागदांवर चिकटवून ठेवलेलं आहे. वक्त्यांना झाडं लावायला पैसा हवा आहे. कुठलं झाड कुठे लावू नये याचं उत्तर ज्या कपाटात आहे, त्याच कपाटाचा पैसा त्यांना हवा आहे.

मग संग्रहालयांनी करावं काय? माझं मागणं मोठं नाही. खण लोकांपुढे उघडा. आठवड्यातून एक दिवस संशोधकानं दालनात उभं राहावं आणि येईल त्याच्या प्रश्नाला मराठीत उत्तर द्यावं. आणि प्रत्येक दालनातून माणूस बाहेर पडताना त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी करता येईल असं एक काम द्या. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे मत्स्यालयानं 1999 मध्ये, कोणता मासा खावा आणि कोणता टाळावा हे सांगणारं खिशात मावेल असं कार्ड लोकांना दिलं. पुढे हॉटेलं आणि दुकानं खरेदीच्या वेळी त्याच यादीकडे पाहू लागली. महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये पापलेट हा राज्यमासा ठरवला आणि त्याच वर्षी माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची 135 मिलिमीटर. मासळी बाजारात जाणाऱ्या किती घरांत हा आकडा पोचला? मत्स्यालयाच्या दारात ही लांबी छापलेली कागदी पट्टी फुकट वाटा. पट्टीपेक्षा लहान पापलेट गिऱ्हाईक घेईनासं झालं, की जाळ्याच्या आसाचा विचार बंदरावर सुरू होईल.

आणि जिल्ह्याजिल्ह्यांत आजचे नमुने ठेवायला लागा: या वर्षीचं पापलेट, या वर्षीच्या विहिरीतला गाळ, शेताच्या बांधावरचं गवत. कुठल्या रसायनाचा जाब 2060 मध्ये कुणाला विचारावा लागेल ते आज माहीत नाही. त्यासाठी लागतात स्पिरिटच्या बरण्या, ओल न येणारी एक खोली, आणि चिठ्ठीवर तारीख व ठिकाण न चुकता लिहिणारा एक कायम नोकरीतला माणूस.