लसूण वावरातला, गोळी डॉक्टरांची



जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला लसूण कसा लावावा हे सांगायची गरज नाही. कुकडी, मीना आणि घोड नदीकाठच्या गावांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाकळ्या टोचायच्या, पात पिवळी पडू लागली की पाणी तोडायचे आणि काढलेला लसूण सावलीत सुकवून पातीसकट जुड्या बांधायच्या, हे आपल्या बायाबापड्यांना तोंडपाठ आहे. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला तर कांदा व लसणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे. ‘भीमा ओंकार’ आणि ‘भीमा पर्पल’ या लसणाच्या जाती तिथल्याच.

तेव्हा आज लागवडीचे राहू द्या, ताटातल्या लसणाचे बोलू. त्याला कारणही तसेच घडले.

मागच्या हिवाळ्यात आंबेगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर पीक पाहायला गेलो होतो. घरचे तात्या साठी ओलांडलेले. चहा घेताना म्हणाले, “साहेब, रक्तदाबाची गोळी सोडली. रोज सकाळी अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या खातो.”

“तात्या, डॉक्टरांना विचारलंत का?”

“त्यात विचारायचं काय? लसूण तर आपल्याच वावरातला.”

मी दोन शब्द सांगितले आणि पुढच्या वस्तीवर निघून गेलो. महिन्याभराने कळले, तात्यांचा उजवा हात-पाय लुळा पडला. वेळेत दवाखान्यात नेले म्हणून जीव वाचला, पण आता खुरपे हातात धरवत नाही. त्या दिवशी जे नेटाने सांगायला हवे होते, ते आज सर्वांना सांगतो.

लसणात आहे काय?

अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ठेचली की घरभर सुटतो. पाकळीत दोन पदार्थ वेगवेगळ्या जागी असतात. ठेचल्यावर ते एकत्र येतात आणि ‘ॲलिसीन’ नावाचा गंधकयुक्त पदार्थ तयार होतो. १९४४ साली अमेरिकेतल्या कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढला आणि तो जंतूंना मारक असल्याचे प्रयोगशाळेत दाखवले. आपल्या वैद्यांनी त्याच्या कितीतरी आधी लसणाला ‘रसोन’ म्हटले. सहा रसांपैकी आंबट तेवढा उणा, म्हणून रसोन. ठेच्यावर लिंबू पिळले की तोही भरून निघतो!

स्वयंपाकात कसा वापरावा?

त्या दोन पदार्थांपैकी एक उष्णतेने निकामी होतो. म्हणून अख्खी पाकळी कडकडीत तेलात टाकली, तर चव येते पण ॲलिसीन फारसे तयारच होत नाही. भगिनींनो, यावर उपाय सोपा आहे. भाजी चिरायला घेण्याआधी लसूण ठेचून ठेवा. दहा मिनिटे तो तसाच राहू द्या. तेवढ्यात भाजी चिरून होते. मग मध्यम आचेवर गुलाबी होईतो परता. काळा झाला की कडू लागतो आणि माल वाया जातो.

आपल्याकडच्या मासवडीच्या सारणात तीळ-खोबऱ्याबरोबर लसूण असतोच. कोवळी पातही टाकू नका. हिरवी मिरची आणि शेंगदाण्याबरोबर तिची चटणी भाकरीशी फार छान लागते. ज्यांना रक्तदाब आहे त्यांच्यासाठी ठेच्यात मीठ मात्र बेताचे घाला. लसूण झणझणीत असला की मीठ कमी चालते. मीठ भरमसाट घालून लसणाचा गुण शोधण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी सांगतो. सोललेला कच्चा लसूण किंवा त्याचे वाटण तेलात बुडवून दिवसेंदिवस फळीवर ठेवू नये. मातीतून आलेला एक जंतू तेलाखाली, हवा लागत नाही तिथे वाढतो आणि घातक विष तयार करतो. वासावरून ते ओळखू येत नाही. कॅनडात व्हँकूव्हर इथे १९८५ साली अशा लसणामुळे अनेकांना विषबाधा झाली होती. वाटण लागेल तेवढेच करावे. तीळ, खोबरे भाजून केलेली कोरडी चटणी मात्र कोरड्या बरणीत टिकते.

औषध म्हणून किती?

लसणाने वाढलेला रक्तदाब थोडा उतरतो, असे अभ्यासांत दिसले आहे. पण ‘थोडा’ हा शब्द विसरू नका. तो गोळीची जागा घेत नाही. कोरोनाच्या साथीत २०२० साली पुष्कळांनी लसणावर भिस्त ठेवली. तेव्हाही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते की, लसणाने या रोगापासून बचाव होतो असा पुरावा नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर रोज कच्चा लसूण खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपण लसूण खातो हे आधी सांगा. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी अनशापोटी खाऊ नये. ठेचलेला लसूण अंगाला बांधून ठेवला की कातडी भाजून फोड येतात; लहान मुलांना तर बांधूच नये. मुलाचा कान वाहत असेल तर लसणाचे तेल कानात घालू नका, दवाखाना गाठा.

आणि माळकरी मंडळींनी लसूण खाल्ला नाही तरी काही बिघडत नाही. कडधान्ये, पालेभाज्या, फळे यांतून शरीराला हवे ते मिळते.

बंधूंनो, लसूण बाजारात न्यायच्या आधी घरच्या वर्षाची बेगमी बाजूला काढा. चांगले गड्डे व्यापाऱ्याला आणि फुटके घरच्यांना, असे करू नका. तो पोटभर जेवणात खा, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या थोरल्या माणसाला एवढेच विचारा, “गोळी घेतली का?”

बियाण्यासाठी लसूण कसा निवडावा आणि राखावा, ते पुढच्या आठवड्यात पाहू.