सुरजागडचा दगड आणि स्पिन

मंडळी, तुमच्या लॅपटॉपची रॅम बसल्या बसल्याही वीज खाते. तिच्यातला प्रत्येक बिट सेकंदाला पंधरा वेळा तरी पुन्हा लिहावा लागतो, नाहीतर गेला! चुंबकीय मेमरीला ही कटकट नाही. पण चुंबकाची दिशा फिरवायला करंट लागतो. तो कमी कसा करायचा, ही खरी गोम.

बिस्मथ सेलेनाइडसारख्या टोपोलॉजिकल पदार्थाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन कुठे धावतो यावर त्याचा स्पिन ठरतो. करंट सोडला की एकाच दिशेचे स्पिन जमतात आणि शेजारच्या चुंबकाला ढकलतात. 2014 मध्ये हा जोर खोलीच्या तापमानाला मोजला गेला.

आता आपल्याकडे बघा. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं. वीज राज्याला, राख गावाला. गडचिरोलीतलं सुरजागडचं हेमॅटाइट ट्रक भरभरून बाहेर जातं. गंमत म्हणजे याच खनिजाच्या स्फटिकातून स्पिन लांबवर नेता येतो, हे 2018 मध्ये दिसलं.

गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. माझ्या मते या विषयाला तिथे पैसा आणि माणसं मिळायला हवीत. एटापल्लीच्या पोरांनी दगड फक्त ट्रकमध्येच का भरावा? तो समजूनही घ्यावा की! तुम्हाला काय वाटतं?