"दाखल्यासाठी पाहिजे का?"

आमच्या घरात मूळ पुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात, त्याला मी तीन वर्षं शोधतोय. गाव नीरा डाव्या कालव्याच्या काठचं. घरातली कथा अशी, की तो घोड्यावरून एकटाच आला, काटवन तोडलं आणि वस्ती बसवली. घोड्याचा रंगसुद्धा सांगतात. कुठून आला, कुठल्या साली, ते मात्र कुणाला ठाऊक नाही. थोरली आत्या तेवढी म्हणायची, "दुष्काळात आला, माणदेशातनं."

मागच्या उन्हाळ्यात एका कचेरीत गाव नमुना 14 बघायला गेलो. म्हणजे आपलं कोतवाल बुक, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. क्लार्कनं विचारलं, "दाखल्यासाठी पाहिजे का?"

म्हटलं, नाही, पणजोबांचे वडील शोधतोय.

"मग कशाला?"

त्याचा राग नाही आला. त्याच्याकडे माणूस येतो तो जातीच्या पुराव्यासाठी. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या. पोरांचं शिक्षण, नोकरी त्यावर अडलेली असते. माझ्यासारखा रिकामटेकडा विरळाच. रुमाल सोडला तर पानाचा भुगा मांडीवर पडला. एखाद्या पोराचा पुरावाही त्या भुग्यात गेला असेल.

2023 साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. आणि आपण म्हणे इतिहासप्रेमी. पुतळ्याची वर्गणी बघता बघता जमते, दप्तराच्या खोलीवर पत्रा टाकायला निधी नसतो.

असो. त्या मोडी पानात एक ओळ सापडली. मूळ पुरुषाचं नाव, पुढे "ची आई", वय अंदाजे साठ, कारण पटकी. बाईचं नाव नाही. पण म्हणजे गडी एकटा आलाच नव्हता!

मग नाशिक गाठलं. रामकुंडाजवळ तीर्थोपाध्यायांना गाव-आडनाव सांगितलं, त्यांनी वही काढली. आईच्या अस्थी घेऊन आला होता. तिथं तिचं नाव आहे, माण तालुक्यातलं मूळ गावही आहे. घोडा अर्थातच नाही. 1876 च्या दुष्काळात या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून निघालं होतं. मायलेक मातीच्या पाट्या टाकायला आले असावेत. हा माझा अंदाज, कागद अजून हातात नाही. आण्णांना, म्हणजे चुलत्यांना, सांगितलं तर म्हणाले, "घोडा होता." विषय संपला.

तिचं नाव इथं लिहीत नाही, आधी भावकीत सांगायचंय.

माझी मागणी साधी आहे. तालुक्यातल्या कोतवाल बुकांचं पानन् पान स्कॅन करा, नुसती दाखल्यापुरती नको, आणि गाववार सगळ्यांना बघायला ठेवा. आमदार, सभापती दोघंही ही पोस्ट वाचतात, मला माहितीय. पावसाळ्याच्या आत करा.

तुमच्याही घरी ट्रंकेत मोडी कागद असेल तर कृपा करून लॅमिनेशन करू नका. उजेडात फोटो काढा, कोरड्या जागी ठेवा. पुढच्या आठवड्यात मी माणला निघालोय. कालव्यावरच्या मजुरांचा जुना हजेरीपट कुणी पाहिला असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.