डोक्यांची मोजणी आणि गावचा रस्ता



नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर सौंसर लागते. त्याच्या शेजारीच जामसांवली हे खेडे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला व हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तथापि येथील घरांतून आजही मराठी ऐकू येते. २०२३ साली सौंसर व पांढुर्णा हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे काढून नवा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. जामसांवली आता त्या जिल्ह्यात आहे.

गाव लहान, परंतु त्याचे नाव मोठे आहे. पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या मूर्तीच्या दर्शनास मंगळवारी व शनिवारी दूरदूरचे भाविक येतात. जेथे उतारू तेथे वाहन, हा व्यवहार होय. जनगणनेच्या वहीत मात्र या यात्रेकरूंपैकी एकाचीही नोंद जामसांवलीच्या नावे होत नाही. तेथे राहणाऱ्यांचीच होते. मग ज्या वाडीत देवस्थान नाही, बाजार नाही, तिने रस्ता कशाच्या बळावर मागावा? तिच्यापाशी आपल्या माणसांच्या संख्येवाचून दुसरे बळ नसते.

ही केवळ बोलण्याची गोष्ट नव्हे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा नियमच तसा आहे. सपाट प्रदेशातील ५०० वा अधिक लोकवस्तीच्या आणि डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांतील २५० वा अधिक लोकवस्तीच्या वाड्या बारमाही रस्त्याने जोडाव्यात, असे ठरले. त्यासाठी २००१ च्या जनगणनेचा आकडा धरला गेला. २०२४ साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठी २०११ चा आकडा घेतला आहे. म्हणजे त्या वर्षी फेब्रुवारीच्या वीस दिवसांत जी माणसे मोजली गेली, त्यांवर तेरा वर्षांनंतरच्या रस्त्याचा निर्णय झाला. सपाटीवरील वाडीत ४९० माणसे नोंदली गेली, तर दहा माणसांसाठी ती या यादीबाहेर राहू शकते. मग पावसाळ्यात आजाऱ्यास खाटेवर घालून न्यावे लागले, तर त्या दहांची किंमत कळते.

रस्ता झाला म्हणजे गाडी आलीच, असेही नाही. मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ २००५ साली बंद करण्याचा निर्णय झाला व प्रवास खाजगी बसवाल्यांच्या हाती गेला. ज्या मार्गावर आसने भरतात तेथेच तो गाडी धाडणार. त्यास दोष तरी कसा द्यावा? आगगाडीचीही हीच कथा. छिंदवाडा-नागपूर अरुंदमापी लोहमार्ग रुंद करण्यासाठी २०१५ च्या अखेरीस बंद झाला आणि नव्या रुळांवरून प्रवासी गाडी २०२२ च्या फेब्रुवारीत धावली. मधली सहा वर्षे सौंसरच्या बाजूच्या गोरगरिबांना मोटारीच्या भाड्यावाचून गत्यंतर नव्हते.

२०२१ ची जनगणना लांबली. आता १ मार्च २०२७ हा दिवस तिच्यासाठी ठरला आहे. गणक दारी आला, की आपण घाईघाईने 'आम्ही पाच जण' म्हणून मोकळे होतो. पाळण्यातले मूल सांगावयाचे राहते. मागल्या खोलीतील वृद्ध आत्या विसरली जाते. वाचकहो, तसे करू नका. खोटी माणसे वाढवू नयेत. जो पोटासाठी परगावी गेला आहे व मोजणीच्या साऱ्या काळात तेथेच राहणार आहे, त्याची नोंद तेथे होऊ द्यावी. मात्र घरात असलेले एकही माणूस गाळू नये. गणक निघण्यापूर्वी त्याच्याकडून नावे वाचून घ्यावीत आणि शेजारच्या निरक्षर कुटुंबासही त्या दिवशी साहाय्य करावे. त्यास फार तर अर्धा तास लागेल. रस्त्याची वाट मात्र गावाला कित्येक वर्षे पाहावी लागते.