वीस जय, एकशें चौतीस पराजय

अमेरिकेंतील क्लीव्हलंड स्पायडर्स या धंदेवाईक बेसबॉल संघाच्या नांवापुढें १८९९ सालीं २० जय व १३४ पराजय असे आंकडे आहेत. ते वाचून पुष्कळ जण हंसतात; आम्हांस हंसूं येत नाहीं. याच संघानें १८९५ सालीं टेंपल चषक जिंकिला होता. पुढें मालक रॉबिसन बंधूंनीं सेंट लुईसचाहि संघ घेतला आणि साय यंगसारखे निवडक गडी तिकडे नेले. प्रेक्षक येईनात, म्हणून बहुतेक सामने परगांवीं! शेवटच्या ४१ सामन्यांपैकीं ४० हरूनहि उरलेले गडी खेळतच राहिले. करणी मालकांची आणि बोल मात्र खेळाडूंस, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. हंगामानंतर लीगनें बारांपैकीं चार संघ कमी केले. त्यांत हाहि गेला.