सूप कुणाच्या हाती?

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत श्रावणात मंगळागौर झाली. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, पिंगा झाला आणि सुपाच्या खेळापाशी येऊन गाडी अडली. सूप नाचवताना गिरकी नेमकी कुठे घ्यायची, एकीलाही आठवेना! दरवर्षी पदर खोचून पुढे व्हायच्या त्या आमच्या सासूबाई. गेल्या माघात त्या गेल्या. "अगं, शिकून घे," असं त्या कितीदा म्हणाल्या आणि मी दरवेळी "पुढच्या वर्षी" म्हणत राहिले. त्यांच्या पाटल्या कपाटात आहेत, पुरणाचं प्रमाण वहीत आहे. ती गिरकी मात्र त्यांच्याबरोबर चंदनवाडीला गेली.

त्या रात्री मला शांती बर्धन यांची आठवण झाली. उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात काम केलेले हे नर्तक. पुढे ते मुंबईला 'इप्टा'च्या पथकात आले. ही इप्टा स्थापन झाली ती 1943 साली, आपल्याच गिरगावात. 1952 साली बर्धन यांनी मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' काढला. त्यांच्या 'रामायणा'त माणसंच कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचत. तोवर क्षयाने त्यांचं शरीर पोखरलं होतं. स्वतः नाचणं अवघड, म्हणून आपला नाच त्यांनी दुसऱ्यांच्या अंगात घातला.

त्यानंतर त्यांनी 'पंचतंत्र' हाती घेतलं. त्यातली कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या मैत्रीची गोष्ट आपण मुलांना सांगतोच. पारधी कासवाला बांधून नेतो. हरीण तळ्याकाठी मेल्याचं सोंग घेऊन पडतं, कावळा त्याचे डोळे टोचल्यासारखं करतो. पारधी कासव टाकून हरणाकडे धावतो, तेवढ्यात उंदीर दोरी कुरतडतो. गोष्ट लहान मुलांची खरी, पण मरण दाराशी आलेल्या माणसाने ती निवडली, हे लक्षात घ्या. चौघांपैकी एकट्याने कुणीच वाचलं नसतं. एकाला दात, एकाला पंख, एकाला निपचित पडून राहण्याचं धैर्य! प्रत्येकाने आपल्याजवळचं थोडं थोडं घातलं, तेव्हा मरणाला चकवता आलं.

हे नृत्यनाट्य पुरं होण्याआधीच, 1954 साली बर्धन गेले. मग गोष्टीत घडतं तेच प्रत्यक्षात घडलं. सोबत्यांनी जवळ होतं नव्हतं ते एकत्र केलं आणि 'पंचतंत्र' रंगमंचावर आणलं. त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी पथक मोडू दिलं नाही. मुंबईहून ग्वाल्हेर, तिथून भोपाळ, असा संसार हलवत त्यांनी नवनव्या मुलामुलींना तेच नाच शिकवले. 2010 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्याही गेल्या. नवऱ्यामागे पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी त्यांची आठवण चालती-फिरती ठेवली, नुसती तसबिरीत नाही.

मुखवटे आणि पोशाख ट्रंकेत घालून ठेवता येतात. नाच तसा ठेवता येत नाही. तो एका अंगातून दुसऱ्या अंगात गेला तरच राहतो. आपल्या घरातल्या कितीतरी गोष्टी अशाच आहेत, नाही का? उकडीच्या मोदकाची कळी, ठिपक्यांच्या रांगोळीतलं वळण, बाळाला न्हाऊ घालताना पायांवर धरायची ती खास पद्धत. वहीत लिहून अर्धंच हाती लागतं. मोबाईलवर चित्रण जरूर करा, पण चित्रण पाहून हात वळत नाहीत. तो हात आपल्या हातावर असावा लागतो.

म्हणून सांगते, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला या आठवड्यातच विचारा. "तुम्हाला काय काय येतं?" असं मोघम नको. एकच गोष्ट निवडा, तिच्यासमोर करून पाहा आणि चूक झाली की तिला हात धरू द्या. शेजारी लेकीला किंवा सुनेला बसवा. आणि वर्षश्राद्धाला खीर-वड्यांबरोबर गेलेल्या माणसाची एखादी कृतीही घरात होऊ द्या.

आमचं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या आत्यांकडे सूप घेऊन गेले. सुरुवात त्यांना आठवत होती, मधला ठेका समोरच्या काकूंना. शेवटची गिरकी दोघींनाही येईना, तेव्हा माझी दहा वर्षांची लेक पुढे झाली. "आजी अशी वळायची," म्हणाली आणि वळली.

मी "पुढच्या वर्षी" म्हणत होते, तेव्हा ती कोपऱ्यात बसून बघत होती.